चिलखत जमलं, कापड राहिलं

सिनेमातल्या एखाद्या पात्राचा पोशाख घरी बसून तयार करायचा, नाहीतर त्याच पात्राची वीतभर प्रतिकृती घडवून रंगवायची, हा छंद मुंबईच्या पूर्व उपनगरांत आता नवा राहिलेला नाही. २०११ साली दिल्लीत सुरू झालेला कॉमिक कॉन पुढे मुंबईत आला, गोरेगावला भरू लागला आणि नाहूर-भांडुप-मुलुंडच्या मुलांना आपली कारागिरी मिरवायला जागा मिळाली. त्यांचं कौतुक भरपूर होतं, सोबत उभं राहून फोटो काढले जातात. परीक्षण मात्र कुणी करत नाही. मला ते करावंसं वाटतं, कारण या मुलांचे हात आता परीक्षणाला पुरे पडतील इतके तयार झाले आहेत.

आपल्याकडचा हौशी कारागीर चिलखतात तरबेज आहे आणि कापडात कच्चा.

चिलखताचं काम खरोखर पाहण्यासारखं असतं. योगा मॅट किंवा चपलेच्या तळव्याला वापरतात तो ईव्हीए फोम हा त्याचा कच्चा माल. कागदी साच्यावरून तुकडे कापायचे, हीट गननं शेकून हवा तो बाक द्यायचा. थंड झाला की फोम तो बाक धरून ठेवतो. सांधे रबरी गोंदानं जोडायचे, पुन्हा शेकून पृष्ठभागाची छिद्रं मिटवायची, प्रायमर द्यायचा, त्यावर काळा रंग आणि जवळजवळ कोरड्या ब्रशनं फक्त कडांवर चंदेरी. दोन हातांवरून पाहणाऱ्याला तो पत्रा वाटतो. हे कसब परदेशी व्हिडिओ पाहून आलं असं म्हणणं अर्धवट आहे. गणपतीची मखरं आणि मंडळांचे देखावे करणारी, थर्मोकोलमधून महाल कोरून काढणारी माणसं आपल्या गल्लोगल्ली होती. मार्च २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिक आणि थर्मोकोलवर बंदी आली, तेव्हा त्यांनी पुठ्ठा, सनबोर्ड आणि फोम हाती घेतला. कापण्या-जोडण्याची ही सवय घरातलीच होती.

पण त्याच योद्ध्याच्या पाठीवरचा झगा पाहा. अस्तराच्या दुकानातलं चकचकीत सॅटिन, कडा ग्लू गननं चिकटवलेल्या, खांद्यावर झोळ आलेला. फोम चूक सांभाळून घेतो, कापड घेत नाही. उभा धागा कोणता, आडवा कोणता, उरेब कुठे कापायचं, वजनानं कापड कसं पडतं, हे शिकायला शिवणयंत्रापाशी बसावं लागतं. पडद्यावर पात्र चालतं तेव्हा निम्मा अभिनय त्याचं कापड करत असतं. ते निर्जीव राहिलं की उरतो तो नुसता पुतळा.

ऐतिहासिक मराठी सिनेमांची लाट आल्यावर ही उणीव आणखी उघडी पडली. ‘फर्जंद’ (२०१८), ‘फत्तेशिकस्त’ (२०१९), ‘पावनखिंड’ (२०२२) या सिनेमांनंतर मावळ्यांचे वेश हौसेनं होऊ लागले, ही आनंदाची गोष्ट. पण अंगरख्याचे बंद नुसते शोभेला लावलेले, खाली आयतं चुडीदार आणि जिरेटोपाला लग्नाच्या फेट्याची जर, असं दिसलं की वाईट वाटतं. ढालीवर पंधरा दिवस घालवणाऱ्यानं अंगरख्यावर दोन दिवस तरी घालवायला हवेत.

वास्तविक पडद्यासाठी कापड शिवण्यात महाराष्ट्रानं जगाला धडा दिला आहे. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी ‘सैरंध्री’ (१९२०) काढला. चित्रीकरणाआधी पात्रांच्या वेशाची आणि हालचालींची रेखाटनं करून ठेवण्याची त्यांची पद्धत होती. त्याच कोल्हापुरात १९२९ साली भानू अथैय्या जन्मल्या, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकल्या आणि ‘गांधी’ सिनेमाच्या वेशभूषेसाठी १९८३ साली ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या. तो पुरस्कार त्यांच्यासोबत ज्यांना विभागून मिळाला ते जॉन मोलो म्हणजे ‘स्टार वॉर्स’च्या पहिल्या सिनेमाचे वेशभूषाकार. आपल्या मुलांना मोलोंची पांढरी शिरस्त्राणं तोंडपाठ आहेत, अथैय्यांची मात्र ओळख नाही. ‘गांधी’मध्ये बॅरिस्टरच्या सुटापासून पंच्यापर्यंत पोशाख कसा उतरत जातो, ते एकदा वेशभूषेवर नजर ठेवून पाहावं. एका माणसाचं सगळं आयुष्य तिथे कापडात सांगितलेलं आहे.

या छंदाची जागतिक सुरुवातही सुईदोऱ्यानंच झाली होती. १९३९ साली न्यूयॉर्कच्या विज्ञानकथा संमेलनात मर्टल डग्लस यांनी स्वतःसाठी आणि फॉरेस्ट ॲकरमन यांच्यासाठी ‘थिंग्ज टू कम’ या सिनेमाच्या धर्तीवर पोशाख शिवून नेले होते.

आता प्रतिकृतींकडे. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे मांडत मोठा झालेला मराठी माणूस या कलेला परका नाही. मातीचे मावळे जाऊन प्लास्टरचे आले, आता हौशी मंडळी रेझिनच्या प्रिंटरवर हवं ते पात्र छापून घेतात. छापण्याला माझा विरोध नाही. प्रमाण अचूक येतं आणि वेळ वाचतो. मात्र छापलेल्या मूर्तीवर हाताचं काम उरतं ते रंगाचं, आणि तिथे बहुतेकांचं घोडं चेहऱ्यावर अडतं. कपड्यांच्या चुण्यांत सावली सुरेख भरलेली असते, डोळे मात्र भकास. भांडुप-मुलुंडच्या गणपतीच्या कारखान्यांत डोळ्यांची आखणी अनुभवी हाताकडेच देतात, ती का, हे श्रावणात तिथे तासभर उभं राहिलं तरी कळतं. नजर कुठे लागली आहे हे बुबुळाच्या जागेवरून ठरतं.

आणि विषयाचं काय? आयर्न मॅन आणि बॅटमॅन पुष्कळ झाले. ‘झपाटलेला’ (१९९३) मधला तात्या विंचू हा मराठी पडद्यावरचा सर्वांत ओळखीचा बाहुला. तो रामदास पाध्ये यांनी घडवला. ‘सीतास्वयंवरा’चा खेळ रंगभूमीवर आणणाऱ्या विष्णुदास भाव्यांनी लाकडी बाहुल्याही केल्या होत्या आणि पाध्यांनीच त्या दुरुस्त करून पुन्हा नाचवल्या. भाव्यांपासून तात्या विंचूपर्यंतचा हा धागा अखंड आहे. तो पुढे नेणारी प्रतिकृती आपल्या प्रदर्शनांत शोधावी लागते, याचं मला मनापासून दुःख आहे.

हे सगळं कला की हस्तव्यवसाय, हा प्रश्न ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापुढेही गेला होता. ‘स्टार वॉर्स’मधल्या सैनिकाचं शिरस्त्राण हे शिल्प नाही, असा निकाल २०११ साली लागला, सिनेमात त्याला वापराची वस्तू म्हणूनच काम होतं, हे त्यामागचं कारण. कायद्याला ते पुरेसं असेल. मला विचाराल तर, घडवणाऱ्यानं पात्राविषयी स्वतःचं काही म्हटलं असेल तर ती कला. नुसतं हुबेहूब करणं हा रियाज झाला. रियाजाच्या पायरीपर्यंत आपण आलो आहोत, पुढची पायरी बाकी आहे.

ती चढायला मदत लागेल. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधल्या प्रभात संग्रहालयात जुने पोशाख आहेत. ते हौशी कारागिरांना जवळून, शिवणीसकट पाहता यावेत. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे बोगदे पुरे झाले की नाहूर आणि दादासाहेब फाळके चित्रनगरी यांच्यामधला डोंगराचा वळसा संपेल. चित्रनगरीत काम करणाऱ्या कपडेपटातल्या मास्तरांनी वर्षातून चार रविवार या मुलांसाठी काढावेत. आयोजकांनी शिवणकामाला वेगळे गुण ठेवावेत, आणि पोशाख दुसऱ्यानं शिवला असेल तर त्या शिंप्याचं नाव स्पर्धकाच्या नावाशेजारी लिहावं. तुमच्या ओळखीत नाटक-सिनेमासाठी कपडे शिवलेलं कुणी जुनं माणूस असेल, तर यंदाच्या सुट्टीत मुलांना त्यांच्याकडे नक्की पाठवा.