हिरवे कोणासाठी? गिरण्यांच्या जागेवरील नव्या कचेऱ्या

पांढरकवडा हा कापसाचा मुलूख. सरकी काढणारी जिनिंगे, गाठी बांधणारे प्रेस आणि त्यांची पत्र्याची लांबलचक छपरे आपल्या विद्यार्थ्यांना परकी नाहीत. अशी एखादी जुनी जागा बंद पडली की पुढे तिचे काय करायचे? आजकाल या प्रश्नाला एक ठरावीक उत्तर मिळते : तिथे खुली, हिरवीगार कार्यालये उभारावीत. नकाशावर हे चित्र फार देखणे दिसते. परंतु ‘खुले’ आणि ‘हिरवे’ हे शब्द विज्ञानाच्या कसोटीवर घासून पाहायला हवेत. आपला कापूस ज्या गिरण्यांकडे जात असे, त्यांच्या जागांचे काय झाले हे पाहिले तर ही कसोटी हाती लागते.

प्रथम नागपूर. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. तिथे हवा दमट ठेवणारी यंत्रे फार लवकर बसवली गेली. त्याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. विदर्भातील उन्हाळी हवा अतिशय कोरडी असते. कोरड्या हवेत कापसाचा तंतू कमजोर होतो, घर्षणाने विद्युतभारित होतो आणि सूत वारंवार तुटते. ओलाव्याने तंतूची ताकद वाढते. सुताला मानवणारी ही दमट हवा कामगाराला मात्र मानवत नाही, कारण हवा दमट असली की घाम सहज वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. म्हणजे एकाच खोलीत यंत्राची सोय आणि माणसाची सोय वेगवेगळी असू शकते. ही गिरणी २००२ साली बंद झाली. आज त्या जागेवर मॉल उभा आहे.

मुंबईत प्रश्न कितीतरी मोठा होता. १८ जानेवारी १९८२ पासूनच्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. मध्य मुंबईतील सुमारे ६०० एकर जमिनीचे काय करायचे, यासाठी १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ वा नियम आला. ढोबळमानाने एक तृतीयांश जमीन महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश घरांसाठी आणि उरलेली मालकाला, अशी ही वाटणी होती. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या समितीने १९९६ साली या जमिनींचा एकत्रित विचार करावा असे सुचवले. पण २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती राहिली. शेड पाडून रिकामी होणारी जमीन वाटणीतून निसटली. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये हा बदल वैध ठरवला.

शिक्षकांनी येथे थोडे थांबावे. प्रयोगात आपण मोजायच्या राशीची व्याख्या आधी पक्की करतो. येथे ‘मोकळी जमीन’ या दोन शब्दांची व्याख्या बदलली आणि शहराच्या वाट्याची बाग आक्रसली.

जुन्या वास्तू वापरात ठेवणे चांगलेच. विटा, लोखंड आणि ते घडवायला लागलेली ऊर्जा वाया जात नाही. गिरण्यांच्या उंच छपरांखाली गरम हवा वर जाते. करवतीच्या दात्यांसारख्या छपरांतील उत्तरेकडच्या काचांमधून, वर्षाचा बराच काळ, थेट ऊन न येता उजेड येतो. हे गुण ओळखून नवी रचना करणे शक्य होते. अनेक ठिकाणी मात्र धुराडे शोभेला ठेवले गेले आणि शेजारी काचेचे मनोरे उभे राहिले. काचेतून ऊन आत येते, उष्णता अडकते आणि वातानुकूलन यंत्र ती बाहेरच्या आवारात फेकते. यंत्राला लागलेल्या विजेची उष्णताही तिच्यात मिसळते. मग कुंड्यांतली झाडे आणि हिरवळीचा तुकडा कितपत पुरणार? एक लिटर पाण्याचे बाष्पीभवन होताना सुमारे २४ लाख ज्यूल, म्हणजे साधारण पाऊण युनिटाच्या आसपासची उष्णता शोषली जाते. हे काम मोठे झाड दिवसभर करते आणि वर सावलीही देते. हिरवळीला पाणी लागतेच, पण तिच्याखाली कुणाला उभे राहता येत नाही.

‘खुल्या’ जागेचा सर्वांत कठोर धडा कमला मिल्सच्या आवारात मिळाला. जुन्या गिरणीच्या या जागेत कचेऱ्या आणि उपाहारगृहे आली होती. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर तेथील गच्चीवर आग लागली आणि १४ जणांचा बळी गेला. बहुतेक मृत्यू धुराने गुदमरून झाले. आकाशाखालची गच्चीसुद्धा ज्वलनशील छत घातले आणि सुटकेची वाट अडली की बंद खोली होते. जागा खुली आहे की नाही, हे ठरवताना संकटात किती वेळात बाहेर पडता येते हेही पाहावे लागते.

म्हणून अशा रचनेला गुण देताना चार गोष्टी तपासाव्यात : दिवा न लावता पुरेसा उजेड, खेळती हवा, दुपारी प्रत्यक्ष सावली आणि अडथळा नसलेल्या किमान दोन वाटा. यांत पाचवी गोष्ट मिळवावी : तेथे झाडू मारणाऱ्या व पहारा करणाऱ्या माणसालाही हे सारे मिळते का?

यातले बरेचसे मुलांना मोजता येईल. दोन तापमापक घ्या. एकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळा. पत्र्याखाली, कडुनिंबाखाली आणि उघड्यावर सावली धरून नोंदी घ्या. दोन तापमापकांतील फरक जितका कमी, तितकी हवा दमट. पांढरकवडा साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे २० मेच्या सुमारास दुपारी साधारण सव्वाबाराला सूर्य थेट डोक्यावर येतो आणि खांबाची सावली त्याच्या पायाशीच राहते. त्या वेळी भिंतीची सावली कामाची नसते. वरून पसरलेली फांदीच उपयोगी पडते. हे ज्या मुलांनी स्वतः पाहिले आहे, ती उद्या गावातल्या एखाद्या बंद जिनिंगचा रंगीत नकाशा समोर आला की पहिला प्रश्न हाच विचारतील : मे महिन्यात भर दुपारी येथे काम करणारा माणूस कुठे बसेल?