शिवराईवरील ‘सिव’ : संग्राहकदृष्टीची एक मर्यादा

राजगड-तोरण्याच्या भोर-वेल्हे परिसरातील म्हणून एखादी शिवराई विक्रीस आली, की संग्राहक प्रथम तिच्यावरील अक्षरे न्याहाळतो. ‘श्री राजा शिव’ऐवजी ‘सिव’, ‘छत्रपति’ऐवजी ‘छत्रपती’ असा पाठ आढळल्यास ते नाणे ‘अशुद्ध, म्हणून दुर्मिळ’ ठरते. ही दृष्टी सदोष आहे. मराठीत इकारापूर्वीचा दन्त्य सकार तालव्य होतो. संस्कृत ‘सीव्’ धातूचे ‘शिवणे’, प्राकृत ‘सिंग’चे ‘शिंग’ झाले. तेव्हा ‘सिव’ कोरणाऱ्याच्या मुखी ‘शिव’ असाच उच्चार असणे संभवते. मोडीत तर ऱ्हस्व-दीर्घ इकाराचा भेदच नाही. त्या वळणाच्या हातास ‘पति’ आणि ‘पती’ सारखेच.

हे पाठभेद प्रमाद नव्हेत, लेखनव्यवहाराची साक्ष होत. १६७४ च्या राज्याभिषेकाशी निगडित मानले जाणारे हे तांब्याचे नाणे पुढे एकोणिसाव्या शतकापर्यंत निरनिराळ्या टांकसाळींत पाडले जात होते. कोणता पाठ कोठला व केव्हाचा, हे ठरविण्यास नाणे नेमके कोणत्या गावी, कशासमवेत मिळाले हे कळणे अवश्य आहे. दुर्मिळतेच्या शोधात नाणे हातोहात फिरते आणि ही नोंद मात्र मागे राहते. नाणे जपले जाते. त्याचा पुरावा नष्ट होतो.