पाहणाऱ्यांचे गद्य : ‘लीळाचरित्रा’पासून सेवाग्रामपर्यंत

‘लीळाचरित्रा’च्या गद्याविषयी मराठी समीक्षेत एक समजूत फार काळ स्थिरावली आहे. बोलीतली छोटी वाक्ये, स्थळांचे नेमके उल्लेख, जेवणखाण, स्नान, निद्रा यांचे तपशील, शिष्यांचे रुसवेफुगवे या साऱ्यांमुळे हे गद्य वास्तवाचे निर्मळ चित्रण करते, असे मानले जाते. अभ्यासक्रमांतून तर ‘वास्तवता’ हा त्याचा ठरलेला गुण होऊन बसला आहे. या समजुतीत एक प्रश्न विचारायचा राहून जातो. भिक्षेत काय आले, पाय कोणी चुरले, गोसावी कोणत्या मढात किती दिवस राहिले, हे घडले म्हणून कोणी लिहून ठेवत नाही. असे असंख्य व्यवहार रोज घडतात आणि विरून जातात. ते टिपून ठेवण्यासारखे वाटावेत, यासाठी पाहणाऱ्याच्या ठायी आधी काही घडावे लागते.

महानुभाव पंथात ते घडले होते. ईश्वरावताराची कोणतीही कृती क्षुद्र नसते आणि तिचे स्मरण हीच साधना, या श्रद्धेने पाहणाऱ्यांची नजर घडवली. म्हणून या गद्यातील तपशील हा कथनकौशल्याचा भाग नसून उपासनेचा भाग आहे. आधुनिक कादंबरीतला वास्तववाद सामान्य माणसाचे सामान्यपण जपण्यासाठी तपशील गोळा करतो. येथे एका असामान्य मानलेल्या व्यक्तीचे सामान्य क्षण निसटू नयेत म्हणून तो गोळा झाला आहे. दोहोंचे बाह्यरूप सारखे दिसते, एवढ्यावरून त्यांना एकाच नावाने संबोधणे म्हणजे कारण न पाहता केवळ परिणाम पाहणे होय.

ग्रंथाच्या निर्मितीची हकीकत या दृष्टीने बोलकी आहे. चक्रधरांच्या प्रयाणानंतर त्यांचा शिष्यपरिवार रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या सान्निध्यात राहिला. तेथे नागदेवाचार्य स्मरणात गढलेले असत. ते पाहून म्हाइंभटांनी पृच्छा केली आणि त्यातून तेराव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थकात लीळांचे संकलन उभे राहिले, असे परंपरा सांगते. म्हणजे ग्रंथाचा आरंभच मुळी एका पाहणाऱ्याला दुसऱ्याने पाहण्यातून झाला. ज्यांनी चक्रधरांना पाहिले त्यांच्याकडे म्हाइंभट गेले, प्रत्येकाची आठवण घेतली आणि नागदेवाचार्यांच्या संमतीची मोहर तिच्यावर उमटवून घेतली. पुढे खालशाच्या धाडीत मूळ पोथी गमावली आणि शिष्यप्रशिष्यांनी आपापल्या स्मरणातून ती पुन्हा सिद्ध केली, हीही परंपरेचीच साक्ष. त्यामुळे आज मिळणाऱ्या संहितेत निरनिराळ्या ‘वासना’ म्हणजे पाठभेद आढळतात आणि ते अनेकदा नावानिशी नोंदलेले असतात.

येथे ‘दृष्टान्तपाठा’तील जात्यंध आणि हत्ती यांचा दृष्टान्त आठवावा. ज्याच्या हाताला जो अवयव लागला त्यालाच तो हत्ती समजला. संपूर्ण हत्ती ठाऊक होता तो डोळस माणसाला. म्हाइंभटांची पद्धती या दृष्टान्ताशी एक विलक्षण नाते सांगते. त्यांनी अवयव गोळा केले, पण ते जोडताना हत्ती पाहिलेला एक डोळस जवळ असावा, असा आग्रहही धरला. पुढे तो डोळस उरला नाही तेव्हा पंथाने एकच पाठ खरा ठरवून बाकीचे पुसून टाकले नाहीत. भेद राहू दिले. ‘लीळाचरित्रा’चे खरे वाङ्मयीन धैर्य या राहू देण्यात आहे. त्याच्या बोलीभाषेचे कौतुक पुष्कळ झाले, याचे मात्र पुरेसे झालेले नाही.

या धैर्यालाही मर्यादा आहेत. बाइसा, महदाइसा, देमाइसा या स्त्रियांनी जे पाहिले ते पुरुष शिष्यांना सहसा पाहता येण्यासारखे नव्हते. स्वयंपाक, सेवा, आजारपण ही त्यांची क्षेत्रे. महदाइसेच्या प्रश्नांनी तर कितीतरी निरूपणांना तोंड फुटले आहे. तरीही या नजरा ग्रंथात येतात त्या म्हाइंभटांच्या लेखणीतून आणि नागदेवाचार्यांच्या मान्यतेतून. पाहणे स्त्रियांचे, प्रमाण मानणे पुरुषांचे, ही वाटणी मराठी गद्याच्या पहिल्याच ग्रंथात होऊन गेली आहे.

पाश्चात्त्य सिद्धान्ताचा आधार येथे जपून घ्यावा लागतो. मिशेल फुको यांनी 1975 साली बेंथमच्या वर्तुळाकार तुरुंगाच्या आराखड्यावरून दाखवून दिले की, मनोऱ्यातला पाहणारा दिसत नाही, कैदी मात्र सतत दिसत राहतो आणि अखेरीस स्वतःच स्वतःवर पहारा ठेवू लागतो. अलीकडे हे प्रारूप कोणत्याही संहितेवर चिकटवण्याची घाई दिसते. चक्रधरांच्या परिवारात सत्ता उलट्या दिशेने वाहते. पाहिला जाणारा तो गुरू. बदलतात ते पाहणारे. त्यांनी स्वतः कसे राहावे याची शिकवण तर पाहिले जाण्यापासून दूर नेणारी आहे : स्वदेशाचा, स्वग्रामाचा आणि नातलगांचा संबंध त्याज्य. ज्यांनी अनोळखी व्हायचे त्यांनीच एका व्यक्तीला नखशिखान्त ओळखीचे करून ठेवले. गुरूच्या प्रयाणानंतर सत्ता सरकली ती मात्र सांगणाऱ्यांच्या आणि संमती देणाऱ्यांच्या हाती.

ग्रंथाचा ‘एकांक’ हा भाग या संदर्भात कळीचा आहे. बाइसांची भेट होण्यापूर्वी चक्रधर एकटे भ्रमण करीत होते. त्या काळाला साक्षी नाहीत. तेथील लीळा त्यांनी स्वतः पुढे सांगितल्या म्हणूनच कळतात. पूर्वार्धापासून भोवती डोळे आहेत. एका चरित्राचे विभाग नायकाच्या वयावरून वा पराक्रमावरून न पडता त्याला पाहणारे कोणी होते की नव्हते यावरून पडावेत, ही रचना सहज वाटते तितकी सहज नाही.

हीच विभागणी सुमारे साडेसहाशे वर्षांनंतर वऱ्हाडच्या शेजारी पुन्हा भेटते. रिद्धपूर अमरावती जिल्ह्यात आहे. वर्धा नदीच्या पलीकडे, वर्धा शहर आणि त्याला लागलेले पिपरी मेघे यांच्यापासून जवळच शेगाव नावाचे खेडे होते. गांधीजी तेथे 1936 साली राहावयास आले आणि 1940 मध्ये त्याचे नाव सेवाग्राम झाले. ‘सत्याचे प्रयोग’ त्यापूर्वीच, 1925 ते 1929 या काळात ‘नवजीवन’मधून क्रमशः आले होते. ते 1920 च्या आसपास येऊन थांबतात. यापुढचे आपले जीवन इतके सार्वजनिक आहे की लोकांना ठाऊक नाही असे त्यात फारसे काही नाही, असे कारण लेखकाने तेथे दिले आहे. आत्मकथा म्हणजे गांधीजींचा ‘एकांक’च. इतरांची नजर सुरू झाली की स्वतःचे सांगणे संपते.

शेगावला येताना एकट्याने राहण्याचा गांधीजींचा मानस होता. तो टिकला नाही. माणसे येत गेली आणि आश्रम झाला. महादेवभाई देसाई यांची दैनंदिनी चालूच होती, ती 1942 साली त्यांच्या मृत्यूपर्यंत. कनू गांधींच्या हाती कॅमेरा आला. त्यासाठी घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले होते. गांधीजींनी कनूंना तीन अटी घातल्या : झगझगीत दिवा वापरायचा नाही, मुद्दाम उभे राहावयास सांगायचे नाही, आश्रमाने खर्च करायचा नाही. पहिल्या दोन अटी नीट पाहिल्या तर त्या नीतीच्या आहेत तशाच शैलीच्याही आहेत. त्यांतून पाठमोऱ्या, अंधुक, हालचालीत पकडलेल्या आकृतींची एक चित्रभाषा घडली आणि तिला आज स्वाभाविक म्हटले जाते. स्वाभाविकतेचा हा नियम पाहिल्या जाणाऱ्याने घालून दिला होता, हे सोयीस्करपणे विसरले जाते. चक्रधरांच्या गद्याला ‘वास्तव’ म्हणणारी आणि या छायाचित्रांना ‘स्वाभाविक’ म्हणणारी नजर एकाच घाईची आहे.

सेवाग्राममधले एक छायाचित्र बहुपरिचित आहे. कुष्ठरोगाने पीडित संस्कृत पंडित परचुरेशास्त्री यांची गांधीजी शुश्रूषा करीत आहेत. पाहणाऱ्याचे लक्ष सेवा करणाऱ्या हातांकडे जाते आणि चित्र त्यासाठीच प्रसृत झाले. पण त्यात दुसरा एक मनुष्य आहे. ज्या काळी या रोगाचे माणूस गावाबाहेर, नजरेआड राहावे अशी रीत होती, त्या काळी त्याचे शरीर साऱ्या देशापुढे आले. हे दर्शन त्याला मुक्त करणारे होते की त्याच्यावर आणखी एक ओझे टाकणारे? छायाचित्र याचे उत्तर देत नाही, कारण त्यात त्याची ‘वासना’ नोंदलेली नाही. म्हाइंभट असते तर ते गांधीजींच्या कुटीशी थांबले नसते. परचुरेशास्त्र्यांच्या झोपडीशी जाऊन त्यांनी विचारले असते की, त्या दिवशी तुम्हांस काय दिसले. आणि उत्तर कनूंच्या चित्राशी जुळले नसते तर तेही त्यांच्या नावानिशी शेजारी लिहून ठेवले असते.