पाणवठ्याची कादंबरी : 'मिठाची शहरे' जेऊरहून वाचताना

पुणे–सोलापूर लोहमार्गावर, करमाळा तालुक्यात, जेऊर हे स्थानक लागते. हा सारा परिसर अवर्षणप्रवण. वर्षाकाठी पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस झाला तरी समाधान मानावे, अशी इथली रीत. आणि तरीही या गावापासून थोड्याच अंतरावर भीमेवरील उजनी धरणाचा फुगवटा क्षितिजापर्यंत पसरलेला दिसतो. १९८० साली पूर्ण झालेल्या या जलाशयात सुमारे ११७ टीएमसी पाणी मावते. त्यातले निम्म्याहून अधिक मृतसाठ्यात मोडते. त्यामुळे 'धरण उणेत गेले' असा एक विलक्षण वाक्प्रयोग इथल्या बोलण्यात रूढ झाला आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात हा साठा उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेला होता. अशा वर्षी पलीकडच्या तीरावरील पळसदेवचे बुडालेले मंदिर पाण्याबाहेर येते आणि जुन्या गावांच्या खुणा उघड्या पडतात. पाणी डोळ्यांसमोर असणे आणि पाणी आपले असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे या भूमीला कोणी शिकवावे लागत नाही.

या भूमीवर उभे राहून एक अरबी कादंबरी वाचावी, असे सुचवण्यासाठी हा लेख आहे. अब्दुर्रहमान मुनीफ यांची 'मुदुन अल-मिल्ह', म्हणजे 'मिठाची शहरे', ही ती कादंबरी. तिचा पहिला खंड १९८४ साली प्रसिद्ध झाला आणि पुढे चार खंडांची भर पडून ती पंचखंडात्मक झाली. पीटर थेरॉ यांच्या १९८७ सालच्या इंग्रजी अनुवादाने ती अरबी न जाणणाऱ्यांपर्यंत पोचली. मुनीफ यांचा जन्म १९३३ साली अम्मान येथे झाला. वडील सौदी, आई इराकी. शिक्षणाने ते तेलाच्या अर्थशास्त्राचे जाणकार. राजकीय मतांमुळे १९६३ साली त्यांचे सौदी नागरिकत्व काढून घेण्यात आले आणि २००४ साली दमास्कसमध्ये त्यांचे निधन झाले. ज्या देशाची कहाणी त्यांनी लिहिली, त्या देशात या कादंबरीवर बंदी आली.

कथेचा आरंभ वादी अल-उयून या मरुद्यानात होतो. 'उयून' म्हणजे झरे. भोवती निर्दय वाळवंट आणि मधोमध पाणी, खजुरीची झाडे, थकल्या काफिल्यांचा विसावा. अशा ठिकाणी एक दिवस परके पाहुणे येतात. ते पाणी शोधायला आले आहेत, असे सांगितले जाते. मितअब अल-हथाल या वृद्ध गृहस्थाचा त्यावर विश्वास बसत नाही. पाण्याने समृद्ध असलेल्या जागी पाणी शोधायला कोण येईल? त्याचा संशय खरा ठरतो. तेल सापडते, यंत्रे येतात, खजुरीच्या बागा मुळासकट उखडल्या जातात. मितअब सांडणीवर बसून वाळवंटात निघून जातो, तो परत येतच नाही; लोकांना मात्र तो अधूनमधून भासत राहतो. गाव पांगते. त्याचा मुलगा हर्रान या किनाऱ्यावरच्या वस्तीत मजूर होतो. तिथे एक हर्रान परक्यांचे आणि दुसरे अरबांचे, अशी दोन गावे उभी राहतात. आखातात कष्ट करून घराला पैसे पाठवणाऱ्या कित्येक माणसांची कुटुंबे आपल्या धर्मग्रामांत आहेत. त्यांना हर्रानच्या उकाड्याच्या बराकी अनोळखी वाटणार नाहीत.

या कादंबरीवर घेतला गेलेला एक आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. १९८८ साली 'न्यू यॉर्कर' साप्ताहिकात परीक्षण लिहिताना जॉन अपडाइक यांनी, ही कृती आपण ज्याला कादंबरी म्हणतो तशी नाही, अशी तक्रार केली. एखाद्या व्यक्तीचा आंतरिक संघर्ष तिच्या केंद्रस्थानी नाही. शेकोटीभोवती बसून कोणी हकीकत सांगावी तसे निवेदन आहे, असा त्यांचा रोख होता. आक्षेपातले निरीक्षण अचूक आहे, निष्कर्ष मात्र चुकलेला आहे. मितअब कादंबरीच्या पूर्वार्धातच नाहीसा होतो, त्याची जागा दुसरा कोणी नायक घेत नाही, हे खरेच. पण कोरड्या प्रदेशात एकटा माणूस जगूच शकत नाही. तिथे जगतो तो पाणवठ्याभोवती जमलेला समूह. तो पाणवठा मोडला की नायकही उरत नाही.

मराठी वाचकाला हे समजायला अडचण पडू नये. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ सालची. माणदेश आणि करमाळा, दोन्ही एकाच पर्जन्यछायेची लेकरे. तिथेही निवेदन करणारा तरुण शिक्षक नायक नाही. नायक आहे ती मेंढरे राखणारी वाडी. अखेरीस दुष्काळ पडतो, मेंढरे मरतात, माणसे घरे सोडून निघून जातात आणि वाडी ओस पडते. माडगूळकरांनी निसर्गाच्या हातून वाडी मोडताना पाहिली. मुनीफ यांनी माणसाच्या लोभापायी वादी मोडताना पाहिली. दोघांनीही एका माणसाऐवजी वस्तीचे चरित्र लिहिले, कारण त्यांच्या भूगोलाने त्यांना तसे लिहायला लावले.

मुनीफ यांच्या कादंबरीतली खरी हानी झाडांची किंवा झऱ्यांची नाही. हानी होते ती पाण्याभोवती विणलेल्या नीतीची. 'शरिया' या शब्दाचा मूळ अर्थच पाणवठ्याकडे जाणारी वाट असा सांगतात. तहानलेल्या माणसाचा आणि जनावराचा पाण्यावरचा हक्क इस्लामी धर्मशास्त्राने मान्य केलेला आहे. ओमानमधील 'फलज' नावाच्या कालव्यांत शेतीच्या पाण्याचे वाटे वेळेवर मोजले जात, दिवसा सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून. पण पिण्याचे पाणी सर्वांना आधी आणि मोकळे. २००६ साली युनेस्कोने यांतील पाच फलजांचा जागतिक वारशात समावेश केला. सतराव्या शतकात मलिक अंबरने औरंगाबादेत भूमिगत नहर बांधली, ती याच विद्येची नातलग.

ही नीती आपल्या पवित्र शास्त्रालाही परकी नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात इसहाकाचे चाकर विहीर खणतात, तिच्यावरून भांडण होते. दुसरी खणतात, पुन्हा भांडण. तिसरीवर भांडण होत नाही, म्हणून तिला 'रहोबोथ', म्हणजे प्रशस्त जागा, असे नाव मिळते. घराबाहेर काढलेली हागार तान्हेला इश्माएल झुडपाखाली ठेवून रडते, तेव्हा देव तिला विहीर दाखवतो. सफा आणि मरवा या टेकड्यांमधून फेऱ्या घालताना मुस्लिम यात्रेकरू आजही याच मातेची धावपळ स्मरतात. आपण बेसबॉल-क्रिकेटच्या सामन्यासारखे 'आपले' आणि 'त्यांचे' असे धर्मांचे दोन संघ पाडतो. हागारची विहीर मात्र दोघांच्याही स्मृतीत आहे.

इथवर मुनीफ यांच्याशी आपले जमते. पुढे मात्र जेऊरहून वाचणाऱ्याने एक प्रश्न विचारलाच पाहिजे. गेलेल्या वादीचा शोक करताना मुनीफ तिला थोडी अधिक उजळ करतात. तिथल्या उणिवा ते अगदीच लपवत नाहीत. वाढलेली माणसे पोसता येईनात की वादी आपल्या मुलांना दूर धाडते, हे त्यांनी आरंभीच सांगितले आहे. परंतु त्या पाण्याच्या वर्तुळाबाहेर कोण उभे होते, या प्रश्नावर कादंबरी फार थांबत नाही. आपल्याला थांबावे लागते. आपल्याकडे विहीर जशी गावाला जोडत होती, तशीच ती गाव आणि वेस यांत अंतरही राखत होती. पाण्याला हात लावण्याचा हक्क बजावण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले. सोलापूर-अहमदनगर भागातील अनेक ख्रिस्ती घराण्यांच्या आठवणीत ते अंतर अजून जिवंत आहे. म्हणूनच योहानाच्या शुभवर्तमानातील याकोबाची विहीर आपल्याला अधिक बोलकी वाटावी. तिथे प्रभू येशू आधी पाणी देत नाही, मागतो. आणि ज्या शोमरोनी स्त्रीच्या भांड्याला यहुदी शिवत नसत, तिच्याकडे मागतो. जुन्या पाणवठ्याचा शोक करणाऱ्या प्रत्येक लेखकाला ही कसोटी लावायला हवी. मुनीफ या कसोटीवर पूर्ण उतरत नाहीत, तरी ती लावावीशी वाटावी इतकी त्यांची कादंबरी सच्ची आहे.

शीर्षकातील रूपक शेवटी ध्यानात येते. मिठावर उभी केलेली शहरे पाण्याची पहिली लाट येताच विरघळतील, असे मुनीफ यांना सुचवायचे होते. सौदी अरेबियात बारमाही नदी नाही. तरी तेलाच्या पैशावर भूगर्भातले प्राचीन पाणी उपसून तिथे गहू पिकवला, काही काळ निर्यातही केला. पाणी आटत चालल्याने २०१६ पर्यंत सरकारी गहू-खरेदी थांबवावी लागली. उजनीच्या पाण्यावर डोलणारा आपला ऊस पाहताना हे उदाहरण आठवावे. १९७४ पासून पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी उभ्या केलेल्या पाणी पंचायतीने वेगळा नियम घातला होता. पाणी जमिनीच्या मानाने नव्हे, घरातील माणसांच्या मानाने; भूमिहीनालाही वाटा; आणि ऊस वर्ज्य. रहोबोथचा अर्थ मराठी मातीत कोणी इतक्या स्पष्टपणे लिहिला असेल, असे वाटत नाही.

वांगी, केत्तूर अशा गावांच्या नावांपुढे आज क्रमांक लागतात. धरणाने उठवलेल्या वस्त्या नव्या जागी वसल्या, त्याची ही खूण. वादी अल-उयून तेलासाठी मोडली, भीमाकाठ पाण्यासाठी मोडला. तिथला मितअब वाळवंटात नाहीसा झाला. इथला माणूस फुगवट्याच्या काठावर बसून बुडालेल्या गावाची दिशा दाखवतो. त्याची कादंबरी ज्या कोणाला लिहायची असेल, त्याने मुनीफ यांना जरूर वाचावे, आणि विहिरीपासून दूर उभ्या असलेल्या माणसापासून आरंभ करावा.