तंबूत बसलेला संशोधक नक्की कोणाला दिसत नाही?

तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेटची तयारी करत असाल, काही जण सिनॉप्सिस लिहायला बसले असाल. वन्यप्राण्यांच्या वर्तनावर काम करायचं ठरवलंत, तर मेथडॉलॉजीच्या पानावर एक वाक्य तुमच्याही हातून जवळजवळ आपोआप उतरेल : 'निरीक्षणे हाईडमध्ये बसून करण्यात येतील, जेणेकरून प्राण्यांच्या नैसर्गिक वर्तनात व्यत्यय येणार नाही.' माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये हे वाक्य होतं आणि कोणीही त्यावर प्रश्न विचारला नाही. म्हणून आज मीच विचारते. वाक्याचा पहिला अर्धा भाग म्हणजे एक कृती आहे. 'जेणेकरून'च्या पुढचा भाग हा दावा आहे, आणि त्याला पुरावा लागतो. तो आपण देत नाही.

आधी जागा समजून घ्या. माझं काम बारामती-इंदापूरच्या माळरानावर, चिंकाऱ्यावर आहे. बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, 1997 साली घोषित झालेलं, क्षेत्र जेमतेम 5.14 चौरस किलोमीटर. मोरगावच्या मयूरेश्वरावरून त्याचं नाव पडलं. चिंकाऱ्याला अर्थातच अभयारण्याची हद्द ठाऊक नाही. तो बाहेरच्या वनजमिनीवर, गायरानात, कोरडवाहू शेतात फिरतो. इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीचा माळ तर अभयारण्य नसूनही चिंकारा आणि लांडग्यासाठी प्रसिद्ध आहे. म्हणजे ही जागा कोणा एकाची नाही. तिथे मेंढरं चरतात, माणसं मोटरसायकलवरून जातात, मोकाट कुत्री फिरतात, आणि आता सफारीच्या गाड्याही येतात.

(जाता जाता : आपण सगळ्यांनाच हरीण म्हणतो. चितळाची शिंगं दरवर्षी गळतात, चिंकारा आणि काळविटाची गळत नाहीत. ते वेगळ्या कुळातले. गप्पांमध्ये हरीण चालेल, प्रबंधात शास्त्रीय नाव लिहा.)

आता हाईड. पाण्याजवळ किंवा घरट्याजवळ पक्षी बघायला बांधतात तो कायमचा आडोसा वेगळा. मी बोलतेय तो छत्रीसारखा फटकन उघडणारा, पानापानांच्या छापाचा कापडी तंबू. ऑनलाइन मिळतो, पाठीवर नेता येतो. त्याच्या जाहिराती बघितल्यात तर लक्षात येईल की तो मुळात अमेरिकेतल्या हरणांच्या शिकारीसाठी घडलाय. तिथे हंगामात परवाना काढून शिकार कायदेशीर असते. सार्वजनिक जमिनीवर कायमचं मचाण बांधायला बऱ्याच ठिकाणी बंदी आहे, म्हणून रोज लावायचा आणि रोज काढायचा तंबू. शिकारी तो झाडीत मागे सरकवून लावतो आणि वर फांद्या टाकतो. सावज तिथलं पांढऱ्या शेपटीचं हरीण, रान दाट.

आपल्याकडे शिकारीला बंदी आहे आणि चिंकारा वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहे. तंबू मात्र आला, छायाचित्रकारांमार्फत आणि मग आमच्यासारख्यांमार्फत. तो ज्या परिस्थितीसाठी घडला होता, ती काही त्याच्याबरोबर आली नाही. फेब्रुवारीत कडबनवाडीच्या माळावर उभं राहून बघा. गवत चरून जमिनीलगत आलेलं असतं, मधूनच एखादा हिवर किंवा बाभूळ. या सपाटीवर हिरव्या पानांचा छाप असलेला चौकोनी डबा म्हणजे दोन मैलांवरून दिसणारी गोष्ट! मुरमात खुंट्या धड बसत नाहीत, त्यामुळे वारा सुटला की कापड फडफडतं. आतला उकाडा तर सांगायलाच नको.

माझी पहिली सकाळ अशी गेली. उजाडायच्या आधी तंबू लावून आत बसले. बऱ्याच वेळाने एक मादी आणि तिच्यामागे पिल्लू वर आलं. मादी थांबली, सरळ माझ्याकडे, म्हणजे तंबूकडे बघत राहिली. पुढचा पाय जमिनीवर आपटला, शिंकेसारखा आवाज काढला आणि पिल्लासकट उतारापलीकडे गेली. थोड्याच वेळाने एक म्हातारे मेंढपाळ कळप घेऊन त्याच बाजूने आले. पलीकडचे दोन चिंकारे चरत चरत थोडे सरकले, एवढंच. मी डोकं बाहेर काढून त्यांना म्हटलं, 'बाबा, तुम्हाला बघून पळाले नाहीत, मला न बघता पळाले.' ते म्हणाले, 'ताई, काल हितं हे काय न्हवतं. तिला म्हाईत हाय की.'

माझ्या सिनॉप्सिसवरची ही सगळ्यात नेमकी टीका. प्राणी माणसाला घाबरतो असं आपण ढोबळपणे म्हणतो. खरं तर तो बदलाला दाद देतो. मेंढपाळ रोजचा आहे, तंबू आजचा आहे. यावर पुस्तकी उत्तर तयार असतं : हाईड काही दिवस आधी लावून ठेवा, प्राण्यांना सवय होऊ द्या. ठीक. पण ही जमीन सगळ्यांची आहे. रात्रभर तंबू सोडून गेलात तर सकाळी तो तिथे असेल याची खात्री नाही. असला तरी एखादं जनावर दोऱ्यांत अडकलेलं असेल. म्हणून तो रोज काढावा लागतो. रोज काढलात की रोज नवा. सवय लागायला तंबू तिथेच राहायला हवा आणि सार्वजनिक जमिनीवर तो राहू शकत नाही. दोन्ही अटी एकत्र पाळताच येत नाहीत, आणि मेथडॉलॉजीत आपण दोन्ही पाळल्यासारखं लिहितो.

याने आकडेवारीचं काय होतं ते बघा. समजा, तुम्ही दर मिनिटाला एक नोंद केली आणि तासाभराच्या 60 नोंदींपैकी 24 वेळा मान वर होती. सतर्कता 40 टक्के. आता ही सतर्कता लांडग्यासाठी, कुत्र्यांसाठी, की तुमच्यासाठी? सगळीकडे सारखीच चूक होत असती तर तुलना तरी टिकली असती. तशी ती होत नाही. तंबू पाठीवर वाहायचा असल्यामुळे तुम्ही तो रस्त्यापासून फार आत नेत नाही. आतल्या भागात दुर्बीण घेऊन नुसते चालत जाता. मग रस्त्याजवळची सतर्कता जास्त निघते आणि तुम्ही निष्कर्ष काढता की रस्त्यामुळे चिंकारे बिथरतात. कदाचित ते तुमच्या तंबूमुळे बिथरले असतील. शिवाय जे घाबरून गेले त्यांची नोंदच होत नाही. वहीत उरतात ते धीट.

बसण्याच्या जागेमुळे उत्तर कसं बदलतं याचं घरचं उदाहरण म्हणजे बुद्धपौर्णिमेची पाणवठ्यावरची गणना. मे महिन्यातलं चांदणं, मचाणावर रात्रभर जागरण, सकाळी वर्तमानपत्रात आकडे. अनुभव म्हणून सुंदर आहे, मीही गेले आहे. पण पाणवठ्यावर बसलेल्याला पाण्यावर येणारे प्राणी दिसतात. चिंकारा बरीचशी गरज पाल्यातून आणि दवातून भागवतो, पाण्याशिवाय दीर्घकाळ काढू शकतो. म्हणजे ज्याच्यासाठी मयूरेश्वर ओळखलं जातं, तोच प्राणी या पद्धतीत निसटण्याची शक्यता जास्त. उलट तोच रानडुक्कर दोनदा आला तर दोन मोजले जातात. अशा आकड्यावरून घनता काढलेला प्रबंध हातात आला, तर सरळ बाजूला ठेवा.

आता जरा मागे जाऊ, कारण चालता आडोसा आपल्याकडे फार जुना आहे. रसेल आणि हिरालाल यांच्या 1916 सालच्या मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरच्या ग्रंथात पारध्यांच्या पोटशाखा दिल्या आहेत. त्यात फासे लावणारे फासेपारधी आहेत, चित्ता पाळणारे आहेत, आणि गायके नावाचे आहेत : बैलाच्या आडून सावजाजवळ जाणारे. पुस्तक वसाहतकाळातलं आहे, माणसांना खणांत बसवण्याची त्याची सवय खटकते, ते सावधपणे वाचावं लागतं. पण ही एक नोंद मला मेथडॉलॉजीच्या कित्येक प्रकरणांहून मोलाची वाटते. गायक्याने हरणाच्या डोळ्यांत नवी वस्तू आणली नाही. हरीण ज्याची दखलच घेत नाही, ते जनावर त्याने आडोसा म्हणून निवडलं. चित्त्याकडून काळविटाची शिकार करायचे तेव्हाही चित्ता बैलगाडीतून जवळ नेत, कारण गाडी बघून कळप उधळत नसे. 'सवयीचं उद्दीपक' वगैरे शब्द आपण नंतर शिकलो.

मला शिकारीचं समर्थन करायचं नाही. ती गुन्हा आहे आणि असायला हवी. प्रश्न ज्ञान कोणाचं धरायचं हा आहे. 1871 च्या कायद्याखाली इंग्रजांनी अनेक जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, पुढे पारधीही त्यात आले, आणि तो कायदा जायला 1952 उजाडलं. शिक्का लोकांच्या मनातून अजून गेलेला नाही. मी परवानगीचं पत्र घेऊन झुडपाआड तास न् तास बसते, तेव्हा ते 'फील्डवर्क' असतं. पारधी समाजातला एखादा तरुण काहीही हातात नसताना तसाच बसला, तर पहिला फोन कोणाला जाईल हे तुम्हाला माहीत आहे. आणि आपल्या प्रबंधात त्याचं किंवा त्या मेंढपाळबाबांचं स्थान कुठे? ऋणनिर्देशाच्या शेवटच्या ओळीत, 'स्थानिक ग्रामस्थ' म्हणून. बसण्याची जागा, वेळ, वाऱ्याची दिशा त्यांनी ठरवून दिली असेल, तर ते मेथडॉलॉजीत यायला हवं.

लपण्याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवा. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत बंदुकीच्या हंगामात तंबूवर भडक नारिंगी कापड लावणं सक्तीचं आहे, म्हणजे आत माणूस आहे हे दुसऱ्या शिकाऱ्याला कळावं. हरणापासून लपा, माणसांपासून नको. आपल्याकडे बंदुकीची भीती नाही, संशयाची आहे. अभयारण्यात अभ्यासासाठी कायद्याच्या कलम 28 प्रमाणे परवानगी लागतेच. ती खिशात असली तरी वनरक्षक, पोलीस पाटील आणि त्या माळावर रोज येणारे मेंढपाळ यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा. मुलींनो, तुम्ही एकट्या जात असाल तर हे नक्की करा.

मी काय बदललं? आता एक दिवस तंबूतून, एक दिवस तीन-चारशे मीटरवरच्या बांधाला टेकून स्पॉटिंग स्कोपने, कुठला दिवस कसा हे चिठ्ठी काढून. पहिल्या अर्ध्या तासाच्या नोंदी वेगळ्या ठेवते. निघून गेलेल्या प्राण्यांचा रकाना वहीत आहे. काही दिवस बाबांच्या कळपाबरोबर चालते. त्या नोंदी तिसऱ्या गटात. वाक्यही बदललं : 'निरीक्षणे तीन प्रकारे करण्यात येतील आणि निरीक्षकाच्या उपस्थितीचा सतर्कतेवरील परिणाम स्वतंत्रपणे मोजण्यात येईल.' वाचायला तितकं रुबाबदार नाही. गाईड म्हणाले, काम तिप्पट वाढलं. वाढलंच.

तंबू फेकलेला नाही. मार्चमध्ये, परवानगी मिळाली तर, खोकडाच्या बिळापासून बऱ्याच अंतरावर तो लावून बघणार आहे. बीळ एका जागी असतं, त्यामुळे प्राणी तिथे परत येतो आणि थांबायला वाव असतो. जमीन खाजगी पडीक आहे, मालकांनी महिनाभर तंबू तिथेच ठेवायला होकार दिलाय.