अंगण की चौक?

स्पेनमधल्या कोर्दोबासारख्या जुन्या शहरावर मराठीत लिहिलं जातं, तेव्हा लेखाचे बहुधा दोन कप्पे पडतात. पहिला वास्तूचा. त्यात मेस्किता येते: आठव्या शतकात सुरू झालेली मशीद, आठशेहून अधिक खांब, लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या दुहेरी कमानी, १२३६ मध्ये तिचं झालेलं कॅथीड्रल. दुसरा कप्पा परंपरेचा. त्यात मे महिन्यातला पाटिओंचा उत्सव: चुन्याच्या पांढऱ्या भिंती, फुलांच्या कुंड्या, मधोमध कारंजं. माहिती खरीच असते. तरी वाचून झाल्यावर या शहरात कोणी राहतं का, असा प्रश्न उरतो.

या उत्सवावरचा एक मजकूर मराठीत आणताना मीही तीच चूक केली. पहिल्या खर्ड्यात ‘पाटिओ’ला मी ‘अंगण’ म्हटलं. शब्द गोड आहे. तुळस, सडा-रांगोळी, चांदणं सगळं सोबत घेऊन येतो. पण अंगण घराच्या पुढ्यात असतं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतं. कोर्दोबातला पाटिओ घराच्या पोटात असतो: चारी बाजूंना खोल्या, वर उघडं आभाळ. रस्त्यावरून दिसते ती कोरी भिंत आणि एक दार. एरवी घरच्यांपुरतं असलेलं हे दार काही दिवस परक्यांसाठी उघडतं, म्हणून तर त्या उत्सवाला अर्थ आहे. ‘अंगण’ लिहिलं की दारच नाहीसं होतं, आणि ते उघडणाऱ्याचं औदार्यही.

मूळ शब्द तसाच ठेवावा, तर इंग्रजीतून आलेला ‘पॅटिओ’ आता बंगल्यामागच्या फरशीवर मांडलेल्या खुर्च्याच डोळ्यांपुढे आणतो.

माझी अडचण सुटली ती कुंभकोणममध्ये, मेलकावेरीत राहताना. इथल्या जुन्या घरांना रस्त्यालगत ‘तिण्णै’ असते, म्हणजे आपला ओटा; वाटसरूनं टेकावं म्हणून बांधलेला. आत गेलं की ‘मुट्रम’: घराच्या मधोमध आभाळाला उघडा चौकोन. पाऊस थेट घरात पडतो, ऊन सरकेल तसं वाळवण सरकतं. पुण्या-नाशिकचा वाडा पाहिलेल्याला त्याचं नाव शोधावं लागत नाही. तो चौक.

एकदा ‘चौक’ हाती आल्यावर पुढचंही उलगडलं. कोर्दोबात अनेक कुटुंबं एकाच पाटिओभोवती राहत. विहीर आणि धुण्याची जागा सामायिक. अशा घराला ‘कासा दे वेसिनोस’ म्हणतात, शब्दशः शेजाऱ्यांचं घर. मराठीत त्याला तयार शब्द आहे: बिऱ्हाडांचा वाडा. ज्यानं नळावरची भांडणं आणि चौकातले पापड पाहिले आहेत, त्याला ‘रंगीबेरंगी उत्सव’ असं सांगावं लागत नाही. उंचावरच्या कुंड्यांना पाणी घालायला लांब काठीच्या टोकाला पत्र्याचा डबा बांधतात, एवढं एक वाक्य पुरतं. तिथे वास्तू आणि परंपरा हे कप्पे उरत नाहीत. रोज पाणी घालणारं घरात कोणी नसेल, तर ती नुसती भिंत. या उत्सवाला २०१२ मध्ये युनेस्कोनं अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, दगडमातीच्या नव्हे, हे प्रवासवर्णनात क्वचित लक्षात घेतलं जातं.

कुंभकोणमवर लिहितानाही आपण असेच वागतो. तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यातलं हे गाव मराठी वाचकाला परकं नाही. पण लेखात दारासुरमच्या ऐरावतेश्वराचं शिल्प येतं, डिग्री कॉफी येते आणि बारा वर्षांनी भरणारं महामहम येतं. गुरू सिंहेत आला की नाशिकला सिंहस्थ आणि त्याच फेऱ्यात इथे महामहम. मागचे दोन्ही २०१५-१६ मधले. त्या गर्दीवर पानं भरतात. मधली अकरा वर्षं त्या तलावाच्या पायऱ्यांवर कोण बसतं, यावर ओळही नसते.

दुसरी वाट मराठीत नाही असं नाही. गोडसे भटजींचं ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये छापलं गेलं. दक्षिणेच्या आशेनं उत्तरेकडे निघालेला हा वरसईचा भिक्षुक १८५८ च्या वेढ्यात झाशीत अडकला. ते शहर त्यानं पाहुणा म्हणून पाहिलं नाही. घरं आपल्याला कळतात ती त्यांत लपलेल्या माणसांमुळे, आणि राजवाड्याचं मोठेपण कळतं ते तिथला ग्रंथसंग्रह लुटला गेल्याच्या हळहळीतून. त्याला ‘वास्तुवैभव’ हा शब्द लागला नाही.

प्रत्येकानं वेढ्यात अडकावं असं नाही. चार दिवसांच्या पाहुण्यालाही या भिंतीला चुना कोण लावतं, पाणी कुठून येतं, भाडं कोण भरतं, हे विचारता येतं. पुण्यातले वाडे एकेक करून पडले. चौक हा शब्द तरुण वाचकाला आता सिग्नलचा वाटेल, ही भीती मलाही आहे. म्हणून पहिल्या उल्लेखाला ‘वाड्यातला चौक’ असं लिहिलं, पुढे नुसता चौक. ज्या शब्दात अजून माणसं राहतात, तो वापरला नाही तर त्याचीही वास्तू होईल.