‘१.५२ व्होल्ट सेफ आहे’ : एका दाव्याचं परीक्षण

ओव्हरक्लॉकिंग करणाऱ्यांमध्ये एक वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय: ‘इंटेलच्या प्रोसेसरला १.५२ व्होल्टपर्यंत काही होत नाही, डेटाशीटमध्येच दिलंय.’ आज या वाक्याकडे एखाद्या पेपरमधल्या दाव्यासारखं बघू या.

आधी स्रोत. आकडा खरा आहे. इंटेलच्या कितीतरी डेटाशीटमध्ये १.५२ सापडतो, पण तो व्हीआयडीच्या रेंजचं वरचं टोक म्हणून. व्हीआयडी म्हणजे प्रोसेसर मदरबोर्डकडे ज्या कोडने व्होल्टेज मागतो तो कोड. मागणी कुठपर्यंत जाऊ शकते, एवढंच ती रेंज सांगते. सगळे कोअर पूर्ण लोडवर, ९० अंशांवर, पाच वर्षं याच व्होल्टेजवर चालतील असं ती म्हणत नाही. स्पीडोमीटरवर २२० छापलंय म्हणून आपण रोज २२० ने गाडी चालवतो का?

दुसरा पुरावा असतो ‘माझा दोन वर्षं चालतोय’. सॅम्पल साइज एक. शिवाय ज्याचा प्रोसेसर बिघडला तो बहुतेक वेळा मशीन बदलून गप्प बसतो. म्हणजे आपल्यापर्यंत पोचतात ते टिकलेल्यांचेच अनुभव. हे अनुभव निरुपयोगी नाहीत, सुरुवातीचा अंदाज त्यांतूनच येतो. पण त्यांवरून आयुष्याचा निष्कर्ष काढता येत नाही.

आता भौतिकी काय म्हणते? जेम्स ब्लॅक यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या समीकरणानुसार, इलेक्ट्रोमायग्रेशनमुळे धातूच्या तारेचं आयुष्य करंट डेन्सिटी आणि तापमान या दोन्हींवर ठरतं. गेटखालच्या इन्सुलेटरची झीज व्होल्टेज आणि तापमानाने वाढते. त्यात पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: फ्रिक्वेन्सी तीच ठेवून १.२५ वरून १.४० व्होल्टवर गेलात, तर व्होल्टेज १२ टक्के वाढतं, पण डायनॅमिक पॉवर सुमारे २५ टक्के. म्हणजे तापमान, करंट आणि काळ न सांगता नुसतं ‘१.४ सेफ’ म्हणणं हे अर्धंच वाक्य आहे.

मग कंपनीच्या डिफॉल्टवर डोळे मिटून विश्वास ठेवायचा? तेही नाही. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांचं प्रकरण २०२४ मध्ये गाजलं. ओव्हरक्लॉक न करताही काही चिप्स अस्थिर होत होत्या. इंटेलने दिलेलं कारण असं, की जास्त व्होल्टेज आणि तापमानात क्लॉक ट्री सर्किट झिजतं आणि चिपला चालायला लागणारं किमान व्होल्टेजच वर सरकतं. त्यातली काही जादा मागणी तर प्रोसेसर रिकामा किंवा हलक्या कामात असताना होत होती. प्राइम९५ रात्रभर चालवून ही गोष्ट कळलीच नसती, कारण स्ट्रेस टेस्ट ‘आज स्थिर आहे का’ हे मोजते, ‘किती टिकेल’ हे नाही.

म्हणून माझ्या मते प्रश्नच उलटा विचारायला हवा. ‘जास्तीत जास्त किती चालेल’ असं न विचारता, ‘मला हव्या त्या फ्रिक्वेन्सीला कमीत कमी किती पुरतं’ हे बघा. व्होल्टेज पायरीपायरीने कमी करा, नंतर थोडी जागा राखा. बायोसमध्ये टाकलेला आकडा आणि लोडखालचा प्रत्यक्ष आकडा दोन्ही नोंदवा, कारण लोड-लाइन सेटिंगनुसार त्यांत फरक पडतो. तापमान आणि तारीखही लिहा. काही महिन्यांनी त्याच फ्रिक्वेन्सीला जास्त व्होल्टेज लागायला लागलं, तर झीज सुरू झाली असण्याची शक्यता तुमच्याच नोंदीत दिसेल.

सिम्युलेशन करणाऱ्यांनी तर एक गोष्ट लक्षात ठेवाच. अस्थिर प्रोसेसर दर वेळी क्रॅश होतोच असं नाही. कधी कधी तो गुपचूप चुकीचं उत्तर देतो आणि ते उत्तर सरळ तुमच्या ग्राफमध्ये जाऊन बसतं. ज्या मशीनवर थीसिसचे आकडे निघणार आहेत, ते ओव्हरक्लॉक करूच नका.